सव्वाएकचा वारा

सोसायटीच्या फळ्यावर अभिनंदनाचा कागद लागला, तेव्हा देवदत्त प्रधान दुधाची पिशवी घेऊन जिन्याकडे वळत होता.  कागदाच्या कोपऱ्यात हिरवं पान छापलं होतं. पानाखाली लिहिलं होतं की, पाहणी केलेल्या एकशे बारा इमारतींमध्ये ‘मंदार’ ही इमारत सर्वांत थंड ठरली आहे. दुपारी तीन वाजताचं घरातलं सरासरी तापमान तीस पूर्णांक सहा. सबब या इमारतीला थंड छप्पर योजनेतल्या पांढऱ्या रंगाची आवश्यकता दिसत नाही. रहिवाशांचं हार्दिक अभिनंदन. खाली सेक्रेटरी अनिरुद्धनं निळ्या पेनानं ‘प्राउड मोमेंट’ असं लिहून सही ठोकली होती. हार्दिक अभिनंदन करून नाही म्हणायची ही पद्धत देवदत्तला नवी नव्हती, सरकारी खात्यात चौतीस वर्षं त्यानंही तेच केलं होतं. पण तीस पूर्णांक सहा हा आकडा त्याच्याकडे असा बघत होता, जसा आपणच दिलेला खोटा दाखला कित्येक वर्षांनी समोर आल्यावर बघतो. सकाळचे पावणेसात झाले होते आणि जिन्याचा लोखंडी कठडा आत्ताच कोमट होता. दुधाच्या पिशवीचा गारवा तळहाताला लागत होता तेवढाच. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तोही गेला.

तो आकडा त्यानंच बनवला होता. मार्चमध्ये एका संस्थेची संघमित्रा वाठोरे नावाची मुलगी सोसायटीच्या मीटिंगला आली होती. विक्रोळीहून दोन बस बदलून आलेली, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं सरळ. तिनं सांगितलं की गच्चीचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते वरच्या मजल्यावरच्या माणसांवर ओततो. गच्चीला एक विशिष्ट पांढरा रंग दिला तर ऊन परत जातं आणि खालची खोली तीन-चार अंशांनी उतरते. रंग थोडा आहे, इमारती फार. म्हणून आधी सगळ्यात तापणाऱ्या इमारती. प्रत्येक इमारतीतल्या एका घरानं महिनाभर रोज तीन वाजता तापमान लिहायचं, शक्यतो वरच्या मजल्यावरच्या घरानं. हे ‘शक्यतो’ ऐकायच्या आतच सगळ्यांच्या माना देवदत्तकडे वळल्या होत्या. वजनमापे खात्यात निरीक्षक होता तो. बाजारात शिरला की भाजीवाल्यांचे काटे आपोआप सरळ होत, असं लोक सांगत. तो स्वतः सांगत नसे, फक्त नाकारत नसे. “अहो, आपल्याकडे मोजमापातला माणूस असताना दुसरं घर कशाला?” अनिरुद्ध म्हणाला. संघमित्रा म्हणाली, “पण काका तिसऱ्या मजल्यावर आहेत, वरती अजून एक मजला आहे.” त्यावर अनिरुद्ध म्हणाला, “मॅडम, ते निरीक्षक होते.” एवढ्यावर विज्ञान संपलं. चौथ्या मजल्यावरची नंदा साटम मागच्या खुर्चीवर बसून पदरानं मान पुसत होती. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात चहा आला.

पहिल्या दिवशी तीन वाजता संघमित्रानं दिलेल्या तापमापकाच्या पांढऱ्या डबीच्या काचेवर पस्तीस पूर्णांक नऊ उमटलं होतं. देवदत्तनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग तो पेन्सिल हातात धरून बराच वेळ बसला. खोलीत काही हलत नव्हतं. आयुष्यात त्यानं शेकडो दुकानदारांना पाच ग्रॅमसाठी उभं केलं होतं, एका तेलवाल्याला तर मापाच्या तळाला लावलेल्या मेणासाठी. त्या तेलवाल्याचा चेहरा त्याला आठवला. खोटं पकडल्याचं दुःख त्या चेहऱ्यावर नव्हतं. हे माप माझ्या वडिलांच्या वेळचं आहे साहेब, असं काहीतरी तो म्हणत होता. देवदत्तनं कोऱ्या रकान्यात सावकाश, वळणदार आकड्यांत तीस पूर्णांक चार लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘वारा चांगला.’ लिहून झाल्यावर त्याला घाम आला, पण बरंही वाटलं, घरात आलेल्या पाहुण्यासमोर आपल्या माणसाची बाजू सावरून घेतल्यासारखं.

कारण हे घर घेतलंच होतं वाऱ्यासाठी. शहाऐंशी साली इमारतीला अजून गिलावा व्हायचा होता, जिन्याला कठडा नव्हता, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या या खोलीत सिमेंटच्या गोण्यांमध्ये त्याची बायको शर्मिष्ठा नाकाला रुमाल लावून उभी होती. कांदिवलीला याहून मोठी जागा याच भावात मिळत होती, हे तो तिला तिसऱ्यांदा सांगत होता. तेवढ्यात सव्वाएक वाजला आणि पश्चिमेच्या खिडकीच्या भोकातून, कारण तिला अजून चौकटही नव्हती, गोराईच्या खाडीवरून वारा आत आला. तिवरांचा, चिखलाचा, मिठाचा, थोडा सुक्या मासळीचा असा वास घेऊन. शर्मिष्ठाचा रुमाल उडाला, अंबाडा सुटला, गोणीवरची धूळ भिंतीला जाऊन बसली. ती काही बोलली नाही. बोलायची गरज असे तेव्हाच ती गप्प बसे. मग म्हणाली, “हेच.” पुढची वीस-बावीस वर्षं तो वारा सव्वाएकला येत राहिला, पाच मिनिटं इकडे तिकडे. कॅलेंडर भिंतीवर टाळ्या वाजवी. टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून देवदत्तनं ऑफिसातून बाद झालेली पितळी वजनं आणली होती. वर्तमानपत्राला दोनशे ग्रॅम पुरत, मे महिन्यात अर्धा किलो लागे. जेवताना शर्मिष्ठा हात थांबवून म्हणे, “आला.” दादरचे नातेवाईक आले की ती त्यांना मुद्दाम पश्चिमेकडे पाठ करून बसवी आणि सहज, चहात साखर घालता घालता सांगे, “आमच्याकडे पंखा लागत नाही हो.” हे वाक्य बोरिवलीत त्या काळी स्वतःच्या गाडीसारखं मिरवलं जाई, आणि तिचं ते खरं होतं म्हणून तिला ते जास्त आवडे.

मग समोर पहिला टॉवर उभा राहिला. वारा त्याला वळसा घालून यायला लागला, दीडला, पावणेदोनला, दमून. दुसरा टॉवर झाला तेव्हा तो फक्त ऐकू येऊ लागला, दोन इमारतींच्या मधल्या फटीत कुणीतरी लांब श्वास घ्यावा तसा. तिसऱ्या टॉवरला सगळीकडून काच होती. त्यानं वारा तर अडवलाच, वर चार वाजताचं ऊन उलटं यांच्या भिंतीवर फेकलं. घरात पंखा आला. बेल वाजली की शर्मिष्ठा आधी पंखा बंद करी आणि मग दार उघडी. पाती आणखी मिनिटभर फिरत राहत. पाहुणे पात्यांकडे बघत, ती पाहुण्यांकडे बघे, आणि देवदत्त आत जाऊन पाणी आणे. एसीचा विषय एकदाच निघाला. ती म्हणाली, “खिडकी बंद करून बसायचं? मग घर कशाला घेतलं?”

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ती आजारी पडली, म्हणजे उठायची बंद झाली. लोखंडी पलंग पश्चिमेच्या खिडकीशी लावून घेतला तिनं. दुपारी जेवण भरवून झालं की डोळे मिटून विचारी, “आला?” पहिल्या दिवशी तो खरं सांगणार होता. पण ते ‘आला’ तिनं अशा आवाजात विचारलं होतं की त्यानं म्हटलं, “आला ना,” आणि मग आता म्हटलं आहे तर म्हणून वर्तमानपत्रानं पडदा हलवला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं पडद्याच्या खालच्या टोकाला सुतळी बांधली आणि पलंगाच्या उशाशी, तिला दिसणार नाही असा बसून तो ती ओढायचा. सव्वाएकला. आधी हळू, मग जरा जोरात, मध्ये थांबून, कारण खरा वारा मध्ये थांबतो. एकदा त्याला डुलकी लागली आणि जाग आली तेव्हा हात आपोआप ओढतच होता. पंखा चालू असे, पण त्याबद्दल दोघंही बोलत नसत. ती जूनच्या पहिल्या आठवड्यात गेली. सुतळी त्यानं सोडली नाही. खिळ्याला गुंडाळून ठेवली. आणि दुपारी या वेळेला त्याच्या उजव्या हाताला अजून काहीतरी ओढावंसं वाटे, जसं गाडी सोडलेल्या ड्रायव्हरचा पाय जमिनीवर ब्रेक शोधतो.

दहा वाजता बेल वाजली. नंदा होती. साटमांच्या घरात मालवणी आणि मुंबईची मराठी दोन्ही एकाच पातेल्यात शिजत.

“भाऊ, खाली कागद वाचला. रंग नाय मिळणार म्हणे आपल्याला.”

“हो,” देवदत्त म्हणाला.

“नाय तर नाय. पण मी काय म्हणते, तुमच्याकडे तीस असतंय ना? आमच्याकडे भांड्यात पाणी ठेवलं तर नुसतं उतू जायचं बाकी. ह्यांचे पाय बघा कसे झालेत, भोपळे नुसते. डॉक्टर म्हणाला, दुपारी थंड जागेत ठेवा. आता थंड जागा मी कुठून आणू? एसीनं ह्यांचे सांधे धरतात. तर रोज बारा ते चार ह्यांना तुमच्याकडे आणून बसवू का? बोलणार नाय ते काय. बसतील नि बघतील.”

नाही म्हणायला माणसाकडे कारण लागतं. देवदत्तकडे एकच कारण होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

सहदेव साटम, बेस्टचा निवृत्त ड्रायव्हर, बारा वाजता कठडा धरून एकेक पायरी उतरत आला. त्याला पलंगासमोरच्या खुर्चीत बसवलं. खोलीत छत्तीसाच्या आसपास काहीतरी होतं. देवदत्तनं डबीकडे पाहायचं टाळलं. सहदेवनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, भोवती पाहिलं आणि ज्या घरातल्या गारव्याचं जणू वर्तमानपत्रात नाव आलंय तिथं बसायला मिळाल्याचा मान चेहऱ्यावर आणला. त्याच्या कानशिलावरून घामाचा ओघळ निघून हनुवटीपर्यंत पोचला.

“हयसर बरां वाटता,” तो म्हणाला.

देवदत्तला वाटलं, हा सभ्यपणे बोलतोय. मग वाटलं, टोमणा मारतोय. तिसऱ्या शक्यतेनं तो जास्त बेचैन झाला: याला इथं खरंच बरं वाटत असेल तर वरती काय असेल? दोन म्हातारे समोरासमोर बसून घाम गाळत राहिले. सव्वाएक वाजून गेला. सहदेव मध्येच म्हणाला, “वारो खय गेलो?” देवदत्तनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. सहदेवनं त्या काचेच्या इमारतीकडे पाहिलं आणि मान डोलवली, सिग्नल कायमचा लाल झालाय हे कळल्यावर ड्रायव्हर डोलवतो तशी. चार वाजता नंदा न्यायला आली आणि जाताना म्हणाली, “लई उपकार झाले भाऊ.” दुसऱ्या दिवशी तिनं वाटीभर सोलकढी आणली. देवदत्त ती प्यायला. इतकी चांगली सोलकढी इतक्या कष्टानं गिळलेली त्याला आठवत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सहदेव दारापर्यंत पोचलाच नाही. शेवटच्या दोन पायऱ्या राहिल्या असताना तो भिंतीला टेकला, मग बसला, मग बसल्याबसल्या कलला. नंदाची हाक ऐकून देवदत्त बाहेर आला. सहदेवचे ओठ राखेसारखे झाले होते आणि तो कुणाला तरी पुढे सरका, पुढे सरका म्हणत होता. दोघांनी मिळून त्याला आत आणलं, पाणी पाजलं, ओले टॉवेल मानेवर, काखेत लावले. अर्ध्या तासानं त्यानं डोळे उघडून नंदाला ओळखलं आणि शरमून सदऱ्याचं बटण लावलं. नंदा मोरीत टॉवेल पिळत होती. देवदत्त मोरीच्या दारात उभा राहिला. त्याच्या लक्षात आलं की तेलवाल्याला त्यानं नीट उत्तरच दिलं नव्हतं: माप वडिलांचं असलं तरी तूट गिऱ्हाइकालाच पडते.

“नंदा, तो आकडा खोटा आहे.”

“कुठला?”

“फळ्यावरचा. घरात पस्तीस-छत्तीस होतं. मी तीस लिहीत होतो. महिनाभर.”

नंदाचा हात टॉवेलवर थांबला. पाणी निथळत राहिलं.

“का?”

मग तो बोलायला लागला, आणि वाऱ्यापासून सुरुवात केल्यामुळे त्याला बराच वेळ लागला. गोण्या, रुमाल, दादरचे नातेवाईक. सुतळीपर्यंत आला तेव्हा त्याचा आवाज लहान झाला. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. तो उजव्या हातानं हवेत ओढून दाखवत होता आणि ते दाखवताना आपण किती मूर्ख दिसत असू हे त्याला कळत होतं.

“सुतळीचं माहीत आहे मला,” नंदा म्हणाली. “वहिनींनी सांगितलं होतं. मी वेणी घालायला यायची ना सकाळची. म्हणायच्या, पडदा हलतो गं, पण कपाळावरचा केस काय हलत नाही. मी म्हटलं, मग सांगा की भाऊंना, हात दुखत असेल त्यांचा. तर म्हणाल्या, नको, एवढं मन लावून त्यांनी दुसरं काय केलेलं मी बघितलं नाही.”

देवदत्तनं मोरीचं दार धरलं. आत कुठेतरी एक काटा, इतकी वर्षं एका बाजूला झुकलेला, सावकाश मध्ये येत होता, आणि मध्ये आल्यावर तो काय दाखवणार याची त्याला भीती वाटत होती. तिला माहीत होतं. म्हणजे तो शेवटचा उन्हाळा तिनं छत्तीसातच काढला होता, डोळे उघडे ठेवून, त्याच्यासाठी ‘आला?’ विचारत. आणि तो तिला तिसातच शोधत होता, जिथं ती आता कुठेच नव्हती.

“पण भाऊ, त्या तुमची बायको होत्या,” नंदा टॉवेल झटकत म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागला. “तुम्ही आपसात काय पण करा. आम्ही काय तुमचं घोडं मारलं होतं? त्या पोरीला फोन लावा. आता. माझ्यासमोर.”

संघमित्रानं दुसऱ्या रिंगला उचलला. देवदत्तनं निरीक्षकाच्या अहवालासारखं सांगितलं: नोंदी खोट्या, कारण वैयक्तिक, जबाबदार इसम मी. 

“काका, यादी गेली हो,” ती म्हणाली. “पावसाआधीच्या इमारती ठरल्या. मजूरपण लागले कामाला.”

“बदलता येणार नाही?”

“आता कुणाला काढू? ज्यांची नावं आलीत त्यांची घरं तुमच्यासारखीच आहेत. नाहीतर त्याहून वाईट.” मग म्हणाली, “पंधरा दिवसांच्या नव्या नोंदी द्या. वरच्या मजल्याच्या. दिवाळीनंतरच्या यादीत मी स्वतः बसवते. आणि काका, तुम्ही रोज ‘वारा चांगला’ लिहिलं होतं ना, आमच्याकडे त्याची स्लाइड झालीय. आदर्श वायुविजन म्हणून. ती आता मलाच काढायला लागणार.”

फोन स्पीकरवर होता. नंदानं सगळं ऐकलं. ती खुर्चीतल्या सहदेवकडे पाहत राहिली. दिवाळी त्याच्या पायांपासून किती लांब आहे, याचा अंदाज घेत असावी. “म्हणजे हा उन्हाळा गेला,” ती म्हणाली. “रीडिंग मी लिहिणार. तुम्ही नुसतं शेजारी उभं राहायचं.”

रविवारी संघमित्रा आली. डबी आता नंदाच्या घरात, कपाटाच्या बाजूला टांगली. अडतीस पूर्णांक सात. नंदानं आकडा लिहिला, देवदत्तला दाखवला, त्यानं मान हलवली. चौतीस वर्षं त्याच्यासमोर लोक असेच उभे राहत. मग संघमित्रा गच्चीवर जाऊन आली, स्लॅबवर चप्पल चिकटते हे बघून आली, आणि खाली देवदत्तच्या खोलीत येऊन तिनं पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवला. लगेच काढला.

“समोरच्या काचेचं सगळं ही भिंत खाते. मग रात्री तुम्हाला देते. बाहेरून बांबूची चिक लावा, आतून पडदा लावून काही होत नाही. आमच्या घरावर पत्रे आहेत, तर आई रोज गोणपाटं भिजवून वर टाकते. हिंगोलीला तेच करायची. रंगाचे डबे मी वाटते आणि माझ्या घरावर गोणपाटं.” ती स्वतःशीच हसली. “आणि हा पलंग इथून हलवा. तापलेल्या भिंतीला चिकटून कशाला झोपता?”

“मी त्याच्यावर झोपत नाही,” देवदत्त म्हणाला.

 सहदेव खुर्चीत होता. आता त्याला उठवून सकाळीच, ऊन चढायच्या आत खाली आणून बसवायचं आणि संध्याकाळी न्यायचं, असं नंदानं ठरवून टाकलं होतं. विचारलं नव्हतं. नंदा पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली आणि पदर खोचला. देवदत्तनं उशाकडचं लोखंड धरलं. ते गरम होतं. संघमित्रानं बाजूनं ढकललं. पलंग एकदा ओरडला आणि मग सरकला, अगदी सहज, कुणीतरी सांगायचीच वाट पाहत असल्यासारखा. पूर्वेच्या भिंतीला जाऊन लागला. पलंगपोस जमिनीपर्यंत लोंबत असे, म्हणून त्याखालच्या लाद्या चार वर्षांत कुणी पाहिल्या नव्हत्या. चार कोपऱ्यांत गंजाचे चार गोल ठसे, आणि मध्ये लाद्यांचा मूळ रंग, पोपटी ठिपक्यांचा, शर्मिष्ठानं निवडलेला. बाकीच्या खोलीतला तो काचेच्या टॉवरचं ऊन येऊ लागल्यापासून पिवळा पडला होता. देवदत्तनं फडकं आणून धूळ पुसली. सावकाश पुसली. कुणी घाई केली नाही.

सहदेवनं खुर्ची पुढे ओढली आणि सुजलेले पाय उचलून त्या लाद्यांवर ठेवले.

“हयसर थंड आसा,” तो म्हणाला. या वेळी त्यात सभ्यपणा नव्हता. तो चकित झाला होता.

संघमित्रानं वाकून हात लावून पाहिला. “सावलीत राहिली ना,” ती म्हणाली. तिच्या पिशवीत दुसरी डबी होती, पण तिनं ती काढली नाही.

देवदत्तनं दुसरी खुर्ची आणली, बसला, सपाता काढल्या. सहदेवनं पाय थोडे सरकवून त्याला जागा करून दिली.